अर्जदाराचाच फोटो

फोटोकाकांचा व्हिसा आला आणि घरावर शोककळा पसरली. कारण तो एकट्या काकांचाच आला होता.

परदेशात त्यांच्या लेकीला आठवा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायला बंदी केली होती आणि जावयाची पाककला चहापाशी सुरू होऊन चहापाशीच संपत होती. तिथे गरज होती ती काकूंची. जन्मभर प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केलेल्या काकूंची. काका निघाले होते ते बॅगा उचलायला.

"बाबा, तुम्ही एकटे येऊन काय करणार?" लेक फोनवर म्हणाली. "कळा सुरू झाल्या की 'जरा हसा' म्हणणार?"

काकांची सगळी हयात फोटो स्टुडिओत गेली होती. त्यांनी कधी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट जे वाकडं होतं ते सरळच केलं होतं. कुणाचं नाक, कुणाचे दात.

दोघांचे अर्ज त्यांनी एकाच बैठकीत भरले होते. काकांचा सुरळीत गेला. काकूंच्या अर्जावर मात्र लाल अक्षरं उमटली : 'फोटो ग्राह्य नाही. नवा फोटो जोडावा.'

"माझा फोटो? ग्राह्य नाही?" काका खुर्चीवरून उठले ते चार दिवस धड बसलेच नाहीत. दाराला पांढरी चादर लावायची, काकूंना स्टुलावर बसवायचं, खिडकीचा पडदा इकडे ओढ, तिकडे ओढ. मग संगणकापुढे बसून बराच वेळ माउस चोळायचा आणि फोटो पाठवायचा. पडद्यावर ते चक्र फिरत राही. चक्राबरोबर काकाही खोलीत फिरत. मध्येच पाटी येई : 'तुमची वेळ संपली आहे.' त्यांच्या वयाच्या माणसाला हे असं तोंडावर सांगू नये, पण संकेतस्थळांना पोच नसते.

काकूंनी तोवर बॅग दोनदा भरली आणि दोनदा उपसली. बाळाची दुपटी वर की खाली, एवढ्यावर त्यांचं स्वतःशीच भांडण चाललं होतं.

तशात लेकीचा पुन्हा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात तारखेपर्यंत थांबेलसं वाटत नाही. कधी येतेस?"

"निघालेच," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी काकांकडे असं बघितलं, की काका चादर सरळ करायला लागले.

पाचव्या दिवशी व्हिसा कचेरीतून निरोप आला. या वेळी यंत्राचा नव्हे, माणसाचा. जरा वैतागलेल्या माणसाचा. 'सोबतचा फोटो पासपोर्टवरील व्यक्तीशी जुळत नाही. कृपया अर्जदाराचाच फोटो जोडावा.'

काकूंनी चष्मा लावला आणि पाठवलेला फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? तू."

काकूंनी शेजारी पासपोर्ट उघडून धरला. तो फोटो पासपोर्टच्या कचेरीतल्या कारकुनाने, मान वर न करता काढलेला. त्यात त्यांची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण. हनुवटीवर तीळ होता. डोळ्यांखाली रात्रपाळ्या करून कमावलेली काळी वर्तुळं होती. पडद्यावरच्या बाईपाशी यातलं काहीच नव्हतं.

"टचिंग केलंत?"

"थोडंसं. सवय गं. नजर जाते तिथे हात जातो."

"थोडंसं? ही माझी धाकटी बहीण दिसतेय. आणि मला बहीण नाही."

"ते फोटो परत पाठवत होते, म्हणून मी प्रत्येक वेळी आणखी जरा..."

काकूंची नजर भिंतीवर गेली. लग्नातला फोटो, लेकीच्या बारशाचा फोटो, सहलीचा फोटो. सगळीकडे अखंड भुवई.

"म्हणजे इतकी वर्षं संसार हिच्याशी केलात. आणि भांडी मी घासली."

"आजवर एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही," काका पुटपुटले.

"मी गिऱ्हाईक नव्हे. बसवा मला स्टुलावर."

काकांनी फोटो काढला आणि संगणकावर घेतला. भुवई आली, तीळ आला, वर्तुळं आली. काकांची बोटं शिवशिवली. माउस आपोआप ब्रशच्या चित्राकडे सरकला.

"हात मागे!" काकू म्हणाल्या. या आवाजावर एके काळी सबंध वॉर्ड चालत असे. "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

"अगं, पण तुला ते जमायचं नाही..."

"बाहेर!"

दार लागलं. काका बोळकांडीत येरझाऱ्या घालू लागले. लेकीच्या जन्माच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं आणि तेव्हाही त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं.

"झालं का?"

"चक्र फिरतंय."

"अजून?"

"घाई करून होत नसतं ते. पाणी प्या."

काका पाणी प्यायले. चपला सरळ लावल्या, मग दारावरची पाटी पुसली. पाटीवरचा एक ओरखडा बोटाने घासून जातो का पाहिलं. गेला नाही.

"घेतला!" आतून आवाज आला. "फोटो घेतला त्यांनी!"

दोन दिवसांनी, काकू तिसऱ्यांदा बॅग भरत असताना, व्हिसा आला. छपाईयंत्राने कुरकुरत, थांबत, एकदाचा कागद बाहेर सोडला. काकूंनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलला, उजेडाशी नेला आणि वरपासून खालपर्यंत तपासला.

"भुवई, तीळ, वर्तुळं. सगळं जागच्या जागी आहे," त्या म्हणाल्या आणि कागद काकांपुढे केला. "धरा. नीट धरा. मानेखाली हात."

काकांनी मानेखाली हात धरला.