दिवाणखान्यातून जाणारी वाट

हॉफस्टॅड डॉक्टरांकडे मी स्वयंपाकाला आणि झाडलोटीला लागले तेव्हा घर पुरं होऊन महिनाच झाला होता. पहिल्या दिवशी मी त्या घरासमोरून सरळ पुढे निघून गेले. ट्यूसन शहर मागे टाकून मातीच्या रस्त्याने चार मैल आलं की डाव्या हाताला ते घर आहे, पण दिसत नाही. मुद्दाम गंजवलेले पोलादी पत्रे आणि बाकी सगळी काच. काचेत समोरचे डोंगर नि निवडुंग उमटतात. घर वाळवंटात विरून गेलं पाहिजे, अशी आर्किटेक्ट थॉर्सबी साहेबांची इच्छा होती आणि ती पुरी झाली होती. गॅसवाला दोनदा माघारी गेला होता.

डॉक्टरांनी जन्मभर मिनेसोटात लोकांचे दात काढले आणि बर्फाला विटून ते इकडे आले. त्यांच्या बायकोचं, व्हर्नाबाईंचं, या घराबद्दल एकच म्हणणं होतं, "ओफेलिया, मी या घरात कपडे बदलू कुठे गं?" पडदे लावायला मनाई होती. माणूस आणि निसर्ग यांच्यामध्ये काही येता कामा नये, असं थॉर्सबी साहेब म्हणत. ऊन मात्र यायचं. मार्चपासूनच दोघं दुपारभर कपडे धुण्याच्या खोलीत बसू लागले, कारण खऱ्या चार भिंती तेवढ्या तिलाच होत्या.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी काचेवर आवाज आला. ठक्. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. बघते तर बाहेर एक म्हातारं कासव. मागे सरकायचं, मान ताठ करायचं आणि काचेवर धडकायचं. चार दिवस हेच चाललं. डॉक्टरांनी वन्यजीव खात्यातल्या बाईंना बोलावलं.

"याची वाट आहे ही," त्या म्हणाल्या. "बिळापासून कोरड्या ओढ्यापर्यंत. पन्नास वर्षं तरी वापरत असेल."

"मग त्याला वळसा घालायला सांगा ना."

"तुम्हीच सांगून बघा. उचलायचं मात्र नाही हं, कायदा आहे. शिवाय घाबरलं की ते पोटात साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं. मग पावसापर्यंत जगेल की नाही, सांगता येत नाही."

"अहो, पण घर माझं आहे!"

"घर तुमचंच आहे. कोण नाही म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धुसफुसत दोन्ही बाजूंची काचेची दारं सरकवली. कासव आत आलं, दिवाणखाना ओलांडून पलीकडून निघून गेलं. बावीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी घड्याळ लावून मोजली होती. आठवडाभरात ते खुर्ची ओढून वाट बघत बसायला लागले. एकदा वाकून त्याच्या तोंडात डोकावले आणि मला म्हणाले, "दात नाहीत याला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी निव्वळ मैत्री करायला मोकळा झालो."

मे महिन्यात एका मासिकासाठी घराचे फोटो काढायचं ठरलं. पांढऱ्याशुभ्र तागाच्या कपड्यांत थॉर्सबी साहेब फोटोग्राफरला घेऊन आले. त्यांनी व्हर्नाबाईंचं विणकाम कपाटात कोंबलं, नातवंडांच्या तसबिरी उतरवल्या आणि शेवटी मालकांकडे पाहिलं.

"आपण जरा गॅरेजमध्ये बसाल का? इथे फक्त अवकाश हवाय."

डॉक्टर आणि व्हर्नाबाई गेले. मी केरसुणीसकट त्यांच्या मागे. दाराच्या फटीतून आम्ही तिघं बघत होतो. तेवढ्यात आपल्या वेळेला कासव आत आलं.

"वा! असंच राहू द्या!" फोटोग्राफर ओरडला आणि त्याने पटापट फोटो काढले.

"राहू द्या, पण दोन फूट डावीकडे हवं," थॉर्सबी साहेब म्हणाले. "खुर्चीची रेषा तोडतंय."

आणि त्यांनी कासव उचललं.

पाणी आलं ते थांबेचना. शुभ्र विजारीवरून बुटांत, बुटांतून फरशीवर. डॉक्टर गॅरेजमधून धावत आले. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला.

"खाली ठेवा त्याला! हळू! अहो, काय केलंत हे?"

"डॉक्टर, फरशी पुसून निघेल."

"फरशी गेली खड्ड्यात! त्याचं पाणी सांडलंत तुम्ही! निघा माझ्या घरातून!"

थॉर्सबी साहेब डॉक्टरांची जुनी चौकड्यांची अर्धी चड्डी घालून गेले. तशी तर दुसरी देण्यासारखी होती, पण व्हर्नाबाईंनी हीच शोधून काढली.

खात्यातल्या बाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही टर्की भाजायच्या पसरट भांड्यात बोटभर पाणी घातलं आणि भांडं कासवाच्या पुढ्यात ठेवून लांब सरलो. कासव डोकं आत घेऊन बसलेलं. एक तास गेला. मी केलेल्या बीन्सना कुणी हात लावला नाही. डॉक्टर फरशीवर पालथे पडून त्याच्याकडे बघत होते. दुपारी एकच्या सुमाराला डोकं बाहेर आलं. मग ते सावकाश भांड्यात चढलं, तोंड पाण्यात बुडवलं आणि त्याचा गळा हलायला लागला.

"पितोय," डॉक्टर कुजबुजले. "व्हर्ना, पितोय गं तो." त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

मासिकात कासवाचा फोटो पानभर छापून आला. घर निसर्गाशी एकरूप झाल्याबद्दल थॉर्सबी साहेबांचं कौतुक झालं. तीन नव्या गिऱ्हाइकांना घरात कासव हवंय, हे कुठून मिळालं, असं साहेबांनी डॉक्टरांना पत्राने विचारलं. डॉक्टरांनी ते पत्र रद्दीत टाकलं.

जूनमध्ये त्यांनी माझ्या नाचोमामाला बोलावलं आणि पश्चिमेच्या काचेपुढे ऊन अडवायला कच्च्या विटांची जाड भिंत घालायला सांगितली. तळाशी कासवाच्या वाटेपुरती जागा सोडायची होती. मामाने विचारलं, "किती उंच?"

डॉक्टर जमिनीवर आडवे झाले आणि हाताने माप दाखवायला लागले.

"नीट सांगा डॉक्टर," मामा म्हणाला, "आतबाहेर कासव करणार की तुम्ही?"

"आधी त्याचं बघा," डॉक्टर खालूनच म्हणाले. "माझं मग बघू."