घोडी म्हणतात मला

मी एक जुनी घोडी आहे. दचकू नका मित्रांनो, मला ना शेपूट ना खूर. चार लोखंडी पाय, वर धरायला दोन मुठी आणि पायांत रबरी बुचे, एवढाच माझा पसारा. पडून उठलेली माणसे मला पुढे ठेवून चालतात.

एका वेल्डरने मला घडवले. चार पायांवर उभी राहणारी कुठलीही वस्तू त्याच्या कारखान्यात घोडीच. रंगाऱ्याची घोडी, सुताराची घोडी, तशी मी आजाऱ्यांची. पुढची अकरा वर्षे मी रुग्णालयात काढली. मोडलेल्या कंबरा, शिवलेले गुडघे पेलले. एक शिक्षिका तर घरी जाताना माझ्या मुठीवरून हात फिरवून गेली. मग हलक्या, चकचकीत घोड्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून एका नर्सने मला आपल्या घरी नेले. तिचे वडील न्हाणीघरात पडले होते.

"बाबा, उठा. ही बघा, घोडी आणलीय तुमच्यासाठी," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "घोडी नको. पाढा येतो मला." आणि भिंतीकडे तोंड करून ते म्हणू लागले, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." पाचापाशी अडले, की पुन्हा पहिल्यापासून.

आठ दिवस हेच चालले. लेक समजावून थकली, एकदा चिडलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आता चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. शेवटी तिने आत्याला बोलावून घेतले.

सगळे ऐकून आत्या मटकन खुर्चीत बसली. "घोडी म्हणालीस तू त्याला? अगं, आमच्या शाळेत पाढा चुकला की ती शिक्षा होती. मास्तर पोराला ओणवं करायचे, हात जमिनीला टेकवायचे, की झाली घोडी. मग स्वार म्हणून पाठीवर दोन विटा. एक पडली की आणखी एक."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"मी तरी कुठे बोलले? खिडकीतून बघत होते मी. सगळे हसले, मीही हसले. घरी आईला सांगितलं, झाडावरून पडला म्हणून पाठ सोललीय."

मला माझ्याच नावाची लाज वाटली.

आत्या उठली. माझ्या मुठी धरून, सगळा भार माझ्यावर टाकत भावाच्या पलंगापाशी आली. "बघ रे. इथं तुझ्या पाठीवर कुणी काही ठेवत नाही. तूच हिच्यावर भार टाकायचास. आणि तेव्हा माझं चुकलं."

ते भिंतीकडून तिच्याकडे वळले. "मास्तर गेले?"

"गेले. कधीच गेले."

त्या दिवशी ते दारापर्यंत सात पावले चालले. मान खाली, पाठ वाकलेली. आता ते रोज चालतात, पण माझ्यावर हात ठेवण्याआधी मास्तर गेल्याची खात्री करून घेतात. घरात मला कुणी घोडी म्हणत नाही.

मित्रांनो, एखादा माणूस साध्या शब्दाला घाबरला, तर त्याला हसू नका, त्याच्यावर चिडू नका. तो शब्द त्याला कुणी आणि कसा शिकवला, तेवढे आधी विचारा.