लाल बटण

परीक्षेच्या तयारीसाठी मी तो कायद्याचा गेम मोबाइलवर घेतला. स्क्रीनवरचा वकील साक्षीदाराच्या तोंडी हवं ते उत्तर घालायला लागला, की तीन सेकंदांत लाल बटण दाबायचं आणि गुण मिळवायचे. महिनाभरात वर्गात माझा पहिला नंबर आला, पण अंगठ्याला चैन पडेना. जेवताना बाबांनी विचारलं, "अभ्यास झालाय तुझा, हो ना?" तर अंगठा थेट ताटावर आपटला.

आज कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यात माझी जोडीदारीण आमच्याच साक्षीदाराला विचारत होती, "तुम्ही त्याला पळताना पाहिलंत ना?"

मी ताडकन उठले. "हरकत आहे!"

"अगं, आपण एकाच बाजूला आहोत!" ती कुजबुजली.

न्यायाधीश झालेले सर म्हणाले, "हरकत मान्य."

आणि हा मेला अंगठा टेबलावर गुणांची वाट बघत होता.