रेलिनचा दंड मी भरला

माझ्या धाकट्या भावाने, वेंडेलने, साठीत दुसरं लग्न केलं, त्या वर्षी माझ्या नातीला, रेलिनला, गाडीचं लायसन मिळालं. सोळा वर्षांची पोर. तिच्या आईची, म्हणजे माझ्या ट्वायलाची, मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही अ‍ॅपलाचियाचे डोंगर उतरून पन्नास मैलांवर. माझी नजर अधू झाल्यामुळे मला गाडी चालवायला बंदी. म्हणून रेलिन आईला सोडायची आणि तशीच शाळेला पळायची.

वसंतात ‘स्टॉप’च्या पाटीपाशी पूर्ण थांबली नाही म्हणून एक चलान झालं. ऑगस्टात वेगाचं दुसरं.

"पॅपॉ, कोर्टाची तारीख आहे. याल ना?" रेलिनने आजोबाला, म्हणजे मला, विचारलं.

आमच्या खोऱ्यात कोर्टात उभं राहणं म्हणजे चोरी केल्यासारखं. दंड भरायचा आणि मान वर करून फिरायचं. मी पोस्टातून मनी ऑर्डर घेतली, पाकिटावर पत्ता माझ्या हाताने लिहिला आणि पाठवून दिली. रेलिनला म्हटलं, "झालं. मिटलं."

सप्टेंबरात पत्र आलं. लायसन सहा महिने बंद.

कोर्टाच्या खिडकीतली बाई म्हणाली, "दंड भरलात म्हणजे गुन्हा कबूल केलात, काका. तारखेला आला असतात तर जजसाहेबांनी पोरीला वाहतुकीच्या वर्गाला बसवलं असतं. लायसनवर चुकांचे गुण चढले नसते, ते बंद झालं नसतं."

"मग ते पैसे परत करा, आम्ही कोर्टात येतो."

"दुकानातले बूट आहेत का परत घ्यायला?"

"तिच्या आईला दवाखान्यात कोण नेणार?"

"तेवढ्यापुरती गाडी चालवायला अर्ज करता येतो. पण वय अठरा पूर्ण लागतं." तिलाही वाईट वाटत होतं. पण खिडकी तिची, नियम दुसऱ्याचे.

घरी ट्वायला हसली. "डॅडी, जन्मात एकदा वेळेवर पैसे भरलेत, तेच नडलं बघा."

मग कौंटीची रुग्णांची गाडी यायची. कधी तासभर उशिरा, कधी नाहीच. जानेवारीत रस्त्यावर बर्फ गोठलं. सोमवार चुकला, बुधवारही चुकला. ट्वायलाचे पाय सुजून बुटात मावेनात.

रेलिनने किल्ल्या उचलल्या. "चाकांना साखळ्या लावते. मी नेते."

"ठेव त्या," ट्वायला म्हणाली. "पकडली गेलीस तर लायसन कायमचं जाईल. इथे गाडीशिवाय नोकरी देतं का कुणी?"

"मम्मा, तू आरशात बघ एकदा."

"दे म्हणते ना!"

किल्ल्या तिने उशीखाली घातल्या. रेलिन माझ्याकडे बघत राहिली. मी घरातला मोठा माणूस. ने म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. चुलीत लाकूड सारत बसलो.

शुक्रवारी गाडी आली नाही. ट्वायलाला दम लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावली. ती घाट चढेपर्यंत दोन तास गेले.

माझी मुलगी ट्वायला सतरा जानेवारीला, शनिवारी सकाळी, दवाखान्यात वारली. ती चव्वेचाळीस वर्षांची होती.