मानेवर घट्टा असलेला लाकडी बैल

मी एक जुना लाकडी बैल आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी तुमच्याशी मैत्री असण्याचं मला काही कारण दिसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, तुम्ही मला माळ्यावरून काढता, दोरी बांधून फिरवता, खाऊ गोळा करता आणि पुन्हा माळ्यावर टाकता. वर्षातून एक दिवस टिकणाऱ्या या प्रेमाला तुम्ही संस्कृती म्हणता. म्हणा.

मला गणपतरावांनी घडवलं. काटोलजवळच्या खेड्यातला हा माणूस तरुणपणी फौजेत गेला, बर्फात पहारे दिले आणि हवालदार होऊन परतला. गावाने हार घातला आणि हार सुकायच्या आत विचारलं, "फौजी, कँटीनमधून काही भेटते का गा?" गणपतरावांनी सुतारकी हाती घेतली, गाई-बैल पाळले. गोठा स्वतः उभारला, गव्हाणी स्वतः ठोकल्या, जू स्वतः तासलं. माणसांपेक्षा जनावरांत बसणं त्यांना आवडे. ज्याच्याकडे पाहून ही निवड चुकीची होती असं म्हणावं, असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

मुलगा जितेंद्र लहान असताना त्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी त्यांनी मला सागाच्या ओंडक्यातून काढलं. समोर त्यांचा खरा बैल बांधलेला, गुलब्या. त्याच्याकडे पाहत पाहत ते लाकूड तासायचा वाकस चालवत. गुलब्याच्या मानेवर जू घासून घासून घट्टा पडला होता; तोही त्यांनी माझ्या मानेवर जसाच्या तसा कोरला. शेजारच्या भीमाबाईंना हसू आवरेना.

"भाऊ, लाकडाच्या बैलाले घट्टा काहून?"

"काम केलेला बैल हाय तो, भीमाबाई. नवरदेव नोहे."

माझ्या आयुष्यात माझी झालेली ही एकमेव खरी स्तुती. बाकी सगळे 'किती क्यूट' म्हणाले.

जितेंद्र शिकला, नागपुरात दहाव्या मजल्यावर राहायला गेला आणि 'आपली मुळं' म्हणून मला सोबत नेलं. मुळं काही दिवस टीव्हीशेजारी होती. मग टीव्ही मोठा आला आणि मुळं माळ्यावर गेली.

यंदा उन्हाळ्यात गणपतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेही दहाव्या माळ्यावर आले. गाई भीमाबाईंच्या भरवशावर राहिल्या. डॉक्टरांनी थोडे दिवस आराम सांगितला होता. बाकीचा आराम जितेंद्रने आपल्या मनाने वाढवला. भीमाबाई रोज फोन करायच्या, "भाऊ, तुमची चांदी वैरण सोडून रस्त्याकडे पाहून राह्यली," आणि फोन त्या गाईच्या कानाला लावायच्या. गणपतराव इकडून म्हणायचे, "येतो वं माय, येतो." घरातले तोंडावर हात ठेवून हसायचे. गाईशी बोलणारा माणूस त्यांना वेडा वाटे. टीव्हीतल्या माणसांशी भांडणारे स्वतःला शहाणे समजत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला हॉलमध्ये वर्तमानपत्रावर झोपवलं होतं. सोसायटीत बैल सजावटीची स्पर्धा होती. जितेंद्रने पॉलिशवाल्याला माझी मान दाखवली. "हे इथं खराब दिसतं. पुट्टी भरून बुजवून टाका आणि वर सोनेरी मारा." मग तो फोनवर दत्तोपंतांशी बोलू लागला. दत्तोपंत म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. गाईशी त्यांचा संबंध पिशवीच्या दुधापुरता. "हो, सगळ्या गाई गोशाळेला देऊन टाकतो. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक जाईल. बाबांना स्टेजवरच सांगू. चारचौघांत माणसाला नाही म्हणता येत नाही."

बेत वॉचमनलाही माहीत होता. फक्त ज्याच्या गाई, त्यालाच नव्हता. आणि ज्याला सगळं ऐकू आलं तो सागवानाचा होता.

तान्हा पोळा पार्किंगमध्ये भरला. एका बैलाला दिव्यांची माळ होती, एकाच्या पोटात स्पीकर होता आणि तो दर मिनिटाला हंबरत होता. माझी दोरी नात भूमिकाच्या एका हातात होती. दुसऱ्या हातात मोबाईल होता. दत्तोपंतांनी गणपतरावांना शाल-श्रीफळ दिलं आणि 'सीमेवरचा वाघ' म्हटलं. लिफ्टमध्ये या वाघाने नमस्कार केला की ते घड्याळ बघायचे.

मग जितेंद्रने माईक घेतला. "बाबांनी सगळ्या गाई गोशाळेला द्यायचं ठरवलंय. उद्या ट्रक निघेल. बाबा आता कायमचे आपल्याकडे!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवताना लोक हातांकडे बघतात, तोंडाकडे नाही. मी गणपतरावांच्या तोंडाकडे पाहत होतो. ओल्या लाकडाला ऊन लागलं की जशी भेग जाते, तसं काहीतरी तिथे झालं.

त्यांनी माईक मागितला. "लढाईचा किस्सा सांगा हो एखादा," दत्तोपंत कुजबुजले.

"पोळा हाय. झडती म्हणतो," गणपतराव म्हणाले.

झडती म्हणजे पोळ्यात बैलांसमोर द्यायचा यमकातला टोमणा. ज्याला लागतो त्याने चिडायचं नाही आणि बाकीच्यांनी महादेवाचा गजर करायचा, असा नियम आहे.

"दहाव्या माळ्यावरून बोले सायब माझा लेक,
गाई माह्या वाटून राह्यला, जसा बड्डेचा केक!
ना गाईले पुसलं यानं, ना पुसलं बापाले,
शाल देऊन निंगाला मले दावणीले बांधाले!"

"हर हर महादेव!" अख्खं पार्किंग गरजलं. "वा! अस्सल लोककला!" म्हणत दत्तोपंतांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. टोमणा कळला एकट्या जितेंद्रला, आणि नियमाप्रमाणे त्याला हसावं लागलं.

स्टेजमागे, माझ्याशेजारी, तो हसायचा थांबला.

"बाबा, चारचौघांत असं बोलायचं?"

"चारचौघांत तूच सुरू केलं ना गा."

"तुम्हाला धड चालता येत नाही. गाई कोण पाहणार?"

"तुले चालता येत नव्हतं, तवा मी तुले कोणाले देऊन टाकलं होतं का?"

जितेंद्र म्हणाला, "जायचं तर जा. मी सोडायला येणार नाही."

"फौजेत कोण आलतं सोडाले?"

गणपतराव वर जाऊन पिशवी आणि काठी घेऊन आले. माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, नेतील. त्यांनी माझ्या बुजवलेल्या, सोनेरी मानेकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "हा राहू द्या इथं. याले वैरण लागत नाही." आणि काटोलच्या बसला गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमचे वडील गोठ्याच्या दारात खाट टाकून बसून राहिले. उठत नाहीत." ट्रक रिकामा परतला. स्पर्धेत हंबरणारा बैल पहिला आला. मला उत्तेजनार्थ बक्षीस आहे.

आता माझी नीट काळजी घ्या, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. घेऊ नका. मी लाकूड आहे. मला धूळ चालते, माळा चालतो, सोनेरी रंगसुद्धा चालतो. ज्याला भूक लागते, ज्याचं शेण काढावं लागतं आणि ज्याला हलवण्याआधी विचारावं लागतं, त्याची काळजी घ्या. ते तुम्हाला जमणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर माझ्यासारखे बैल इतके खपतात.