पहिल्या फटक्याचा मान

स्पर्धेचा इतिहास रेडिओने लिहिला होता. रेडिओ म्हणजे क्लबची निवेदिका; बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून हे नाव. बायकांच्या व्यावसायिक गोल्फच्या या स्पर्धेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिने व्हरांडाभर जुने फोटो लावले आणि खाली मजकूर लिहिला. पहिल्या विजेतीच्या फोटोखाली तिने ‘दिवंगत’ असं टाकलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बाई कित्येक वर्षांत क्लबकडे फिरकल्या नव्हत्या, म्हणजे गेल्याच असणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. एक फोन करायला काय झालं होतं!

या स्पर्धेची एक रीत आहे. हयात विजेत्यांत जी सगळ्यात ज्येष्ठ, तिने पहिला फटका मारायचा, मगच खेळ सुरू. यंदा तो मान दुसऱ्या वर्षीच्या विजेतीला दिला होता.

पाहुणे जमत होते, तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आली. बूट चकचकीत, हातात गोल्फची जुनी स्टिक.

“निमंत्रण काही मिळालं नाही बाई,” ती रेडिओला म्हणाली, “पण पेपरात वाचलं. म्हटलं, पोस्टात गहाळ झालं असेल. पहिला फटका माझाच ना? महिनाभर अंगणात हात साफ करतेय.”

रेडिओने ओळखलं, फोटोतल्या पहिल्या विजेत्या त्या याच. “हो ना मावशी, पोस्टाचा काही नेम नाही,” तिने ठोकून दिलं.

मावशी फोटो बघत बघत व्हरांड्यात शिरल्या. रेडिओ आडवी आली. “आधी चहा घ्या ना.”

“चहा कुठे पळतोय?” म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या तरुण चेहऱ्याखालचं ‘दिवंगत’ वाचलं.

“कधी गेले गं मी?”

रेडिओला शरमेने मान वर करवेना. “चुकलं मावशी. मी... मी आत्ता अध्यक्षांना सांगते.”

अध्यक्ष तिच्यावरच खेकसले. “टीव्हीवर थेट चाललंय सगळं! आता बदललं तर आपलीच शोभा. बसवा त्यांना पुढच्या रांगेत.” अध्यक्षांचं हे नेहमीचंच. पण रेडिओही ‘बरं’ म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने चाचरत निरोप सांगितला. मावशींनी ऐकून घेतलं.

“जा तू. ती बिचारी ताटकळली असेल तिकडे. मेलेल्या माणसाला कसली घाई?”

दुसरी विजेती चेंडूपाशी उभी होती. रेडिओने लिहून आणलेलं वाचलं, “आपल्या हयात विजेत्यांमध्ये सर्वात ज्येष्ठ...” टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत मावशींनी स्टिक काखेत धरली आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

माईक रेडिओच्या हातात होता. ‘पहिल्या विजेत्या इथेच बसल्यात’, एवढ्या एका वाक्याचं काम होतं.