आलुआची कढई आणि नऊ नाताळ

मित्रांनो, माझ्या पोटाला एक पोचा आहे आणि माझ्या दोन्ही कड्या हात लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत. एवढ्यावरून माझे वय ओळखता आले तर पाहा. मी मकावमधल्या टेकडीवरच्या एका घरातली तांब्याची जुनी कढई आहे.

बाजारामागच्या गल्लीत लाउ नावाच्या तांबटाने मला ठोकून घडवले. घरच्या मालकीणबाई क्लेमेन्टिनाबाईंनी सांगितलेले माप ऐकून तो चकितच झाला.

"बाई, घरात माणसं चार आणि कढई लग्नाच्या पंगतीची?"

"चार माणसं रोजची," बाई म्हणाल्या. "नाताळात मोजायला ये!"

डिसेंबरच्या तेवीस तारखेला सकाळपासून घर भरू लागे. दीर, जावा, नणंदा आणि त्यांची पोरे, कुणी गावातले, कुणी बोटीने हाँगकाँगहून आलेले. मग मला चुलीवर चढवून आलुआ करायला घेत. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, लोणी, साखर आणि कुटलेले बदाम माझ्यात पडत आणि पुढे तीन तास ते घोटावे लागे. आमच्याकडे आलुआ म्हणजे बाळ येशूची गादी. पातळ तळलेली पापडी ही त्याची चादर आणि सारण भरलेला छोटा पिठाचा गोळा ही उशी. गादीत गाठ राहिली तर बाळाला टोचेल, असे बाई सांगत. म्हणून कालथा थांबवायची कुणालाच परवानगी नसे.

तीन तास एकट्याच्या हाताने होत नाही. पाळ्या लागत. वर्षभर एकमेकांशी न बोललेले दोघे माझ्याजवळ उभे राहिले की "सरक, तुझा हात भरून आलाय" एवढे तरी बोलावेच लागे. त्यानंतर बोलणे आपोआप वाढे. मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे.

बाईंना दोन मुले होती. थोरली इदालिना आणि धाकटा रुफिनो. माझा पोचा रुफिनोची करणी. सात वर्षांचा असताना तो माझ्यात बसून जिन्यावरून घसरला. "माझ्या हातून पडली," असे इदालिनाने आईला सांगितले आणि त्याच्या वाटचा मार खाल्ला. अशी ती दोघे होती.

पुढे रुफिनो कॅनडाला गेला. इदालिना लग्न न करता आईपाशी राहिली. बाई आजारी पडल्या तेव्हा तिने भावाला फोन केला. तो म्हणाला, "नाताळला येतोच आहे ना मी. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे." बाई नोव्हेंबरातच गेल्या. तो पोहोचला तो दफनाच्या दुसऱ्या दिवशी. इदालिना दारातच म्हणाली, "फार लवकर आलास. नाताळला अजून महिना आहे."

दोन दिवसांनी तो परत गेला. नंतर दर वर्षी त्याचे शुभेच्छापत्र तेवढे येई. बाकीचे नातेवाईकही हळूहळू यायचे थांबले. इदालिना दुकानातून आलुआची एक वडी आणू लागली. मी बाल्कनीत गेले. माझ्यात जुनी वर्तमानपत्रे साठली, समुद्राच्या दमट वाऱ्याने अंगावर हिरवा थर चढला. मित्रांनो, मला राग आला नाही. फक्त डिसेंबर आला की वाटायचे, आज कुणीतरी दार उघडेल.

नऊ नाताळ असे गेले. दहाव्या डिसेंबरात रुफिनोच्या मुलीचा, नादियाचा, फोन आला. "आत्या, बाबांना यायचंय. विचारायला घाबरतात."

"घाबरायला मी काय वाघ आहे?"

"ते म्हणतात, आहेस."

ती माणसे आली. रुफिनो चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता आणि जिना चढताना दोनदा थांबला. बरोबर नादिया आणि तिची दोन मुले होती. इदालिनाने नाताळचे जेवण हॉटेलात घ्यायचे ठरवले होते. पहिला दिवस "चहा घेणार?" "नको, त्रास कशाला" यातच सरला. भाऊबहीण परक्यांसारखी बसली होती.

दुसऱ्या दिवशी नादिया बाल्कनीत आली. "आत्या, हे काय आहे?"

"रद्दीचं भांडं."

रुफिनो ताडकन उठला. "आईची कढई रद्दीचं भांडं?" त्याने सगळे कागद बाहेर काढले आणि लिंबू-मीठ घेऊन मला घासायला बसला. इदालिनाला ते बघवेना.

"घासून काय उपयोग? आतली कल्हई गेलीय. अशात शिजवलंस तर सगळ्यांना दवाखान्यात नेशील."

"मग कल्हई करून आणू."

"लाउचं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, ठाऊक आहे? इथे असतास तर कळलं असतं."

तरीही ती चपला घालून आली. माझी एक कडी तिने धरली, दुसरी त्याने. उतार उतरून दोघे मला घेऊन निघाले. तीन गल्ल्या फिरल्यावर मंदिरांच्या धूपदाण्या दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला. त्याने मला तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले. माझे अंतरंग पुन्हा चांदीसारखे झाले.

परतताना चढ होता. अर्ध्या वाटेवर दोघांना दम लागला, तेव्हा मला पायरीवर ठेवून ती शेजारी बसली.

"ताई," रुफिनो म्हणाला, "मला वाटलं होतं, आई थांबेल."

इदालिनाने माझ्या कडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मलाही वाटलं होतं. म्हणून तर तुला परत फोन केला नाही मी. डॉक्टर म्हणाले होते, बोलावून घ्या. मी म्हटलं, कशाला घाबरवा त्याला. नऊ वर्षं तुझ्यावर चिडून आहे, पण त्यातला अर्धा राग माझाच माझ्यावर आहे रे."

रुफिनोने डोळे पुसले. "मग आता उरलेला अर्धा?"

"तो राहू दे. तुला सवय आहे. उचल आता, गुडघा आखडला माझा."

त्या संध्याकाळी इदालिनाने हॉटेलला नको म्हणून कळवले आणि हाँगकाँगच्या सगळ्या चुलत-आते भावंडांना स्वतः फोन केले. तेवीस तारखेला स्वयंपाकघरात अकरा माणसे होती. पाळ्या लागल्या. इदालिना खुर्चीत बसून ओरडत होती, "हे काय, सूप ढवळताय? तळापर्यंत जाऊ द्या कालथा!" हसण्याच्या नादात थोडे तळाला लागलेच. रुफिनोला एक गाठही सापडली.

"ताई, बाळाला टोचेल."

"एक वर्ष टोचू दे. एवढ्या गोंगाटात तो झोपणार थोडाच आहे."

नाताळचे ते चार दिवस राहून रुफिनो गेला. पुढच्या सप्टेंबरात तिकडेच त्याचे हृदय थांबले. इदालिनाने त्या नाताळला मला माळ्यावरून खाली काढायचे नाही असे ठरवले होते. पण वीस डिसेंबरला नादिया मुलांना घेऊन न कळवता दारात उभी राहिली. "आत्या, कालथा कुठे ठेवलायस?" इदालिना फडताळाकडे वळली. त्या वर्षी घोटताना तिने दोन पाळ्या घेतल्या, एक स्वतःची आणि एक भावाची. कुणी तिला अडवले नाही.

मित्रांनो, भांड्याची कल्हई गेली तर पुन्हा करता येते. मी नऊ नाताळ रद्दी सांभाळली, आणि त्या दोघांच्या वाट्याला शेवटी चारच दिवस आले. ते चार दिवस सुखाचे होते, पण चारच होते. म्हणून सुट्टी लागली की काका, मामा, आत्या, मावशी, ज्यांच्याकडे जायचे राहून गेले आहे त्यांच्याकडे जा. मनात रुसवा असेल तर तो घेऊनच जा. तिथे पोहोचलात की कुणीतरी तुमच्या हातात काहीतरी काम देईलच.